रेम, आरएनपी, एलपीव्ही, गगन: सॅटेलाइट नॅव्हिगेशनबद्दल वैमानिकांचे नेहमीचे प्रश्न

गोंदिया, धुळे किंवा देशातल्या इतर कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये शिकणाऱ्यांना, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नॅव्हिगेशन पेपरची तयारी करणाऱ्यांना आणि नुकतंच इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता उपकरणांवर उडण्याची परवानगी) हाती घेतलेल्यांना जे शब्द सारखे अडतात ते इथे घेतले आहेत. ते वर्णानुक्रमे लावलेले नाहीत. एक कळला की पुढचा सोपा जातो, अशा क्रमाने आहेत. त्यामुळे एकदम मधला प्रश्न उघडलात तर थोडं मागे यावं लागेल. तुमच्या विमानाचं फ्लाइट मॅन्युअल, चालू चार्ट आणि डीजीसीएची परिपत्रकं काही वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका.

जीपीएस म्हणायचं की जीएनएसएस?

बोलताना जीपीएस म्हणा, कुणी नावं ठेवत नाही. पेपरात आणि चार्टवर मात्र जीएनएसएस हा शब्द भेटतो. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि त्यांना जोड देणाऱ्या पूरक यंत्रणा या सगळ्यांचं ते एकत्रित नाव. आपल्याकडच्या बहुतेक प्रमाणित विमानी रिसीव्हरांचा पाया अजून जीपीएसच आहे आणि तोही मुख्यतः १५७५.४२ मेगाहर्ट्झचा एल-वन सिग्नल. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर सहा कक्षांमधून फिरतात आणि बारा तासांपेक्षा थोड्या कमी वेळात एक फेरी पुरी करतात.

ही लष्करी यंत्रणा नागरी विमानांना फुकट मिळाली त्यामागे एक दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं उड्डाण ००७ मार्ग सोडून सोव्हिएत हवाई हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस जगाच्या नागरी वापरासाठी खुली करण्याचं जाहीर केलं. तरी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळण्याची सोय अमेरिकेने राखून ठेवली होती. तिचं नाव सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी. ती मे २००० मध्ये बंद झाली. जुन्या पाठ्यपुस्तकांत जीपीएसची चूक शंभर मीटर लिहिलेली दिसते ती त्या काळातली.

मोबाइल तर गल्लीतलं घरसुद्धा दाखवतो. मग विमानाला वेगळा, महागडा रिसीव्हर कशाला?

बाकी सगळ्या शब्दांचं मूळ या प्रश्नात आहे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल चार-पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, हे खरं. विमानी रिसीव्हरही फार वेगळा आकडा देत नाही. पण विमानाला अचूकतेआधी दुसरंच काही विचारायचं असतं: तू चुकलास तर मला सांगशील का, आणि किती वेळात?

मोबाइल हे सांगत नाही. सिग्नल बिघडला तर निळा ठिपका तेवढ्याच आत्मविश्वासाने शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो. ढगात असलेल्या विमानात असा ठिपका जीवघेणा ठरतो. म्हणून विमानी नॅव्हिगेशनमध्ये चार गुण स्वतंत्रपणे मोजतात. अचूकता, म्हणजे दाखवलेली जागा खऱ्या जागेच्या किती जवळ आहे. इंटिग्रिटी, म्हणजे माहिती भरवशाची राहिली नाही तर ठरलेल्या वेळात इशारा मिळण्याची हमी. कंटिन्युइटी, म्हणजे अप्रोच (धावपट्टीकडे उतरण्याचा ठरलेला मार्ग) सुरू केल्यावर तो संपेपर्यंत सेवा मध्येच तुटणार नाही याची शक्यता. आणि अव्हेलेबिलिटी, म्हणजे हे तिन्ही गुण एकाच वेळी किती टक्के वेळ मिळतात.

विद्यार्थी अचूकतेचे आकडे पाठ करतात आणि इंटिग्रिटीवर अडखळतात. व्हायव्हात विचारतात तेही इंटिग्रिटीबद्दलच.

तीन नाही, चारच उपग्रह का लागतात? आणि पाच-सहाची भानगड काय?

अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञात गोष्टी. चौथी अज्ञात गोष्ट तुमच्या रिसीव्हरचं घड्याळ. उपग्रहात अणुघड्याळ असतं, तुमच्याकडे साधं क्वार्ट्झ. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून घड्याळात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. घड्याळातला हा फरक काढायला चौथा उपग्रह हवा. अशी चूक पोटात असलेल्या अंतराला स्यूडोरेंज म्हणतात.

चार उपग्रहांवरून जागा निघते, पण त्यातला एक चुकीचं बोलत असेल तर ते कळायला मार्ग नसतो. पाचवा आला की तपासणी करता येते: चार-चारचे वेगवेगळे गट करून उत्तरं काढायची आणि ती जुळतात का पाहायचं. हीच रेम, म्हणजे रिसीव्हरने बाहेरच्या मदतीशिवाय स्वतः केलेली इंटिग्रिटीची पडताळणी. पाच उपग्रहांवर ती ‘कुणीतरी चुकतंय’ एवढं सांगते. सहा असतील तर नेमका चुकणारा ओळखून बाजूला काढता येतो. त्याला फॉल्ट डिटेक्शन अँड एक्सक्लूजन, थोडक्यात एफडीई म्हणतात. विमानाच्या अल्टिमीटरमधून दाबाची उंची रिसीव्हरला मिळत असेल तर ती एका उपग्रहाची जागा भरून काढते. याला बॅरो-एडिंग म्हणतात. मग पाचाचं काम चारांत आणि सहाचं पाचांत भागतं.

पण जमिनीवरची नियंत्रण केंद्रं उपग्रहांवर लक्ष ठेवतातच ना?

ठेवतात, पण त्यांचा वेळ आणि तुमचा वेळ सारखा नाही. १ जानेवारी २००४ रोजी जीपीएसच्या एसव्हीएन-२३ या उपग्रहाचं घड्याळ बिघडलं. त्याच्यापासून मोजलेल्या अंतरातली चूक वाढत वाढत शेकडो किलोमीटरवर गेली. तो ‘वापरू नका’ म्हणून जाहीर व्हायला जवळपास तीन तास लागले. नॉन-प्रिसिजन अप्रोचवर, म्हणजे उभं मार्गदर्शन नसलेल्या अप्रोचवर, इशारा दहा सेकंदांत मिळायला हवा असतो. त्या तीन तासांत रेम आणि एफडीई असलेले रिसीव्हर तो उपग्रह आपणहून वगळू शकत होते.

‘लॉस ऑफ इंटिग्रिटी’चा मेसेज आला. म्हणजे जीपीएस बंद पडलं का?

नाही. जागा अजून दिसत असेल, कदाचित बरोबरही असेल. आता तिची हमी द्यायला कुणी नाही, इतकाच त्याचा अर्थ.

हमीचं गणित दोन शब्दांत बसतं. रिसीव्हर क्षणाक्षणाला एक वर्तुळ काढत असतो: खरी जागा या वर्तुळाच्या बाहेर असून मला पत्ता लागलेला नाही, असं होण्याची शक्यता नगण्य आहे. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे होरिझॉन्टल प्रोटेक्शन लेव्हल, एचपीएल. आणि उड्डाणाच्या त्या टप्प्यात हे वर्तुळ जास्तीत जास्त किती मोठं चालेल, ती मर्यादा होरिझॉन्टल अलर्ट लिमिट, एचएएल. एन-रूटला, म्हणजे मधल्या प्रवासात, ती २ नॉटिकल मैल, टर्मिनल भागात, म्हणजे विमानतळाच्या परिसरात, १, अप्रोचवर ०.३. एचपीएल एचएएलच्या पुढे गेली की मेसेज येतो. मेसेज आला त्या वेळी प्रत्यक्ष चूक दहा मीटरही नसेल. तरी फायनल अप्रोच फिक्स (उतरण्याचा शेवटचा टप्पा सुरू होतो तो बिंदू) ओलांडल्यावर तो आला तर मिस्ड अप्रोच करायचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. जागा बरोबर दिसतेय म्हणून पुढे जाणारा वैमानिक ज्या आकड्यावर विसंबतो त्याची जबाबदारी त्या क्षणी कुणीच घेतलेली नसते.

डीओपी म्हणजे काय?

उपग्रहांच्या मांडणीचा गुणांक. दोन रेघा काटकोनात छेदल्या तर छेदबिंदू नेमका दिसतो, जवळजवळ समांतर असल्या तर तो लांबट आणि धूसर होतो. उपग्रहांचंही तसंच. आकाशभर विखुरलेले बरे, एका कोपऱ्यात गर्दी केलेले वाईट. आडव्या जागेसाठी एचडीओपी, उभ्यासाठी व्हीडीओपी, तिन्ही मितींसाठी पीडीओपी. आकडा लहान तितकं चांगलं. सगळे उपग्रह तुमच्या वरच असतात, खाली एकही नसतो. म्हणून उंचीची चूक सहसा आडव्या चुकीपेक्षा मोठी असते.

गगन म्हणजेच नाविक ना?

नाही. इतक्या जणांचा हा गोंधळ होतो की दोन्ही नावं एकाच वाक्यात आली की मी सावध होतो.

नाविक ही भारताची स्वतःची, जीपीएससारखीच पण प्रादेशिक यंत्रणा. ती जीपीएसशिवायही जागा काढता यावी म्हणून उभारलेली आहे. गगन स्वतंत्रपणे जागा काढून देण्यासाठी नाही, ती जीपीएसला जोड देते. अशा जोडयंत्रणेला एसबीएएस म्हणतात. अमेरिकेची डब्ल्यूएएएस, युरोपची एग्नॉस, जपानची एमएसएएस ही तिची भावंडं.

गगन इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारली. देशभर पंधरा संदर्भ केंद्रं आहेत. त्यांत नागपूर आणि गोवाही आहेत, आणि जैसलमेरपासून दिब्रुगड आणि पोर्ट ब्लेअरपर्यंत जाळं पसरलं आहे. या केंद्रांची जागा आधीच अचूक मोजलेली असते. तिथे पोहोचणारा जीपीएस सिग्नल किती चुकतोय ते बंगळुरूच्या मुख्य नियंत्रण केंद्रांत जमा होतं, तिथे दुरुस्त्या तयार होतात आणि भूस्थिर उपग्रहांकडे पाठवल्या जातात. जीसॅट-८ आणि जीसॅट-१० त्या जीपीएसच्याच एल-वन फ्रीक्वेन्सीवर खाली सोडतात. जीसॅट-१५ राखीव आहे. दुरुस्तीसोबत ‘हा उपग्रह वापरू नका’ हा निरोपही काही सेकंदांत येतो. माझ्या मते गगनची खरी कमाई हा निरोप आहे, मीटर-दोन मीटरची सुधारणा नव्हे. गगन चालू असेल तेव्हा इंटिग्रिटीची मदार रेमवर राहत नाही.

डीजीसीएने डिसेंबर २०१३ मध्ये गगनला आरएनपी ०.१ साठी (आरएनपीचा अर्थ पुढे येतो) आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी, म्हणजे एपीव्ही-१ दर्जासाठी प्रमाणित केलं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर इंडिगोच्या एटीआर विमानाने गगनच्या आधारे एलपीव्ही अप्रोच, म्हणजे आडवं आणि उभं दोन्ही मार्गदर्शन एसबीएएसवरून घेणारा अप्रोच, करून दाखवला.

गगनला युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त कष्ट का पडले?

आपल्या डोक्यावरच्या आयनोस्फिअरमुळे. सिग्नल या विद्युतभारित थरातून येताना रेंगाळतो आणि किती रेंगाळेल हे थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरतं. मध्यम अक्षांशांवर ही संख्या बऱ्यापैकी सावकाश बदलते, म्हणून तिथे आकाशावर कल्पनेतली जाळी टाकून जाळीच्या प्रत्येक गाठीवरचा विलंब सांगितला की काम होतं.

भारतात चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथला प्लाझ्मा वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना उतारावरून ओघळून काही अंशांवर साचतो. उत्तरेकडची ही दाट पट्टी अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येते. म्हणजे तिरुवनंतपुरमहून भोपाळकडे जाताना इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने बदलते आणि जाळीच्या दोन गाठींमधला अंदाज फसू शकतो. शिवाय सूर्यास्तानंतर खालच्या थरातून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर येतात. त्यांच्यातून जाणारा सिग्नल लुकलुकतो. याला सिंटिलेशन म्हणतात, आणि त्यात रिसीव्हरची उपग्रहावरची पकड सुटू शकते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विशेषतः सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत, हा त्रास जास्त. म्हणून आयनोस्फिअरसाठी इस्रोला अनेक थरांची वेगळी पद्धत बसवावी लागली.

तुमच्यापुरतं यातून काय घ्यायचं? संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत एलपीव्ही अप्रोच आखला असेल तर तो न मिळाल्यास लागणाऱ्या मिनिमाची (धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्या खाली उतरायचं नाही ती उंची) ब्रीफिंगही आधीच करून ठेवा.

आरनॅव्ह आणि आरएनपीत फरक काय?

आरनॅव्ह म्हणजे व्हीओआर-एनडीबी या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या डोक्यावरून न जाता हव्या त्या दोन बिंदूंमध्ये सरळ उडण्याची सोय. पुढचा आकडा नॉटिकल मैलांत असतो: आरनॅव्ह ५ म्हणजे उड्डाणाच्या किमान ९५ टक्के वेळ विमान मार्गाच्या पाच मैलांच्या आत असलं पाहिजे. आरएनपीतही आकड्याचा अर्थ हाच, पण एक अट वाढते: आकडा पाळला जातोय की नाही हे विमानानेच तपासायचं आणि नसेल तर वैमानिकाला सांगायचं. पुन्हा तीच इंटिग्रिटी.

या नियमाला एक अपवाद आहे आणि परीक्षकांना तो फार प्रिय आहे. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरच्या मार्गांवर दिसणाऱ्या ‘आरएनपी १०’मध्ये ही तपासणीची अट नाही. व्याख्येप्रमाणे तो आरनॅव्ह १० आहे. नाव आधी रुळलं म्हणून बदललं नाही.

आरएनपी एआर हा वेगळा वर्ग. एआर म्हणजे विमान कंपनी, विमान आणि वैमानिक तिघांनाही खास परवानगी लागते. डोंगरांच्या बेचक्यातून वळत उतरायचं असेल तेव्हा तो वापरतात आणि त्यात आरएफ लेग, म्हणजे ठरावीक त्रिज्येची वळणं असतात. अलास्का एअरलाइन्सने १९९६ मध्ये जुनोला याची सुरुवात केली. आपल्या शेजारी काठमांडूला असा अप्रोच आहे.

सुई कधी हळू सरकते, कधी एकदम पळते. बिघाड आहे का?

बिघाड नाही, सीडीआयचं, म्हणजे मार्गापासून किती बाजूला आहोत ते दाखवणाऱ्या सुईचं, स्केल बदललं आहे. एसबीएएस रिसीव्हरवर एन-रूटला सुई पूर्ण सरकली तर तुम्ही मार्गापासून २ मैल दूर आहात. जुन्या टीएसओ सी-१२९ दर्जाच्या (टीएसओ म्हणजे विमानी उपकरणांचं अमेरिकी मानक) उपकरणांवर ५ मैल. विमानतळापासून ३० मैलांच्या आत आलात की १ मैल. फायनल अप्रोच फिक्सच्या २ मैल आधीपासून स्केल आवळत ०.३ वर येतं. व्हीओआरची सुई अंशांत असते, स्टेशनच्या जवळ गेलं की तीक्ष्ण होते. जीपीएसची सुई अंतरात असते. एलपीव्ही इथेही वेगळा: त्याची सुई आयएलएससारखी (धावपट्टीजवळच्या रेडिओ किरणांवर उतरवणारी यंत्रणा) कोनात वागते आणि धावपट्टीच्या उंबरठ्याशी पूर्ण सरकली तर फक्त साधारण ३५० फुटांचा फरक दाखवते.

अप्रोच सुरू करण्यापूर्वी स्क्रीनवर कुठला मोड लिहिला आहे ते वाचा, आणि मोठ्याने वाचा. फिक्स जवळ येऊनही ‘टर्म’च (टर्मिनल मोड) दिसत असेल तर अप्रोच आर्म, म्हणजे सज्ज, झालेला नाही.

फ्लाय-बाय आणि फ्लाय-ओव्हर वेपॉइंट?

वेपॉइंट म्हणजे मार्गावरचा ठरवून दिलेला बिंदू. फ्लाय-बायला विमान बिंदूच्या आधीच वळायला लागतं, कोपरा कापतं. फ्लाय-ओव्हरला बिंदूवरून गेल्याशिवाय वळायचं नाही. चार्टवर फ्लाय-ओव्हरच्या चिन्हाभोवती वर्तुळ असतं. मिस्ड अप्रोच पॉइंट नेहमी फ्लाय-ओव्हर. वेपॉइंटचं नाव पाच अक्षरी असतं. एकाच अक्षराने वेगळी असलेली नावं टाइप करताना हमखास चूक होते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी अंतर आणि ट्रॅक चार्टशी ताडून पाहा.

एका चार्टवर एलनॅव्ह, एलनॅव्ह-व्हीनॅव्ह आणि एलपीव्ही अशा तीन ओळी का असतात?

कारण अप्रोच एकच असला तरी विमानं वेगवेगळी असतात. एलनॅव्हमध्ये फक्त डावं-उजवं मार्गदर्शन. खाली एमडीए असते, म्हणजे धावपट्टी दिसेपर्यंत जिच्या खाली जायचं नाही ती उंची, आणि पायऱ्यापायऱ्यांनी तिच्यापर्यंत उतरता येतं. एलनॅव्ह-व्हीनॅव्हमध्ये उतरण्याचा तिरकस मार्गही मिळतो, म्हणून एमडीएऐवजी डीए, म्हणजे उतरायचं की पुन्हा वर जायचं हे जिथे ठरवायचं ती उंची. तो मार्ग सहसा अल्टिमीटरच्या दाबावरून काढलेला असतो आणि त्याला बॅरो-व्हीनॅव्ह म्हणतात. एलपीव्हीला एसबीएएस लागतंच, आपल्याकडे गगन. तिथे अलर्ट लिमिट ०.३ मैलांवरून, म्हणजे ५५६ मीटरवरून, थेट ४० मीटरवर येते. उभ्या दिशेला एपीव्ही-१ साठी ५० मीटर. वर्तुळ इतकं लहान ठेवता येतं म्हणून मिनिमाही खाली आणता येतो.

काही रिसीव्हर एलनॅव्ह अप्रोचवरही ‘+व्ही’ लावून ग्लाइडपाथ दाखवतात. तो सल्ला आहे, संरक्षण नव्हे. एमडीएच्या खाली त्या रेषेवर डोंगर किंवा टॉवर नाही, याची तपासणी कुणी केलेली नसते.

जुन्या चार्टवर ‘आरनॅव्ह जीएनएसएस’ आणि नव्यावर ‘आरएनपी’ असं शीर्षक दिसेल. दोन्ही एकाच प्रकारचे अप्रोच.

बॅरो-व्हीनॅव्ह आणि एलपीव्ही दोन्हींत ग्लाइडपाथ दिसतो. फरक इतका महत्त्वाचा आहे?

खूप. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस ए-३२० पावसात उतरत होतं. धावपट्टीचा आयएलएस बंद होता, म्हणून उपग्रहाधारित अप्रोच चालला होता, एलनॅव्ह-व्हीनॅव्ह मिनिमापर्यंत. नियंत्रकाने क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब, १०११ सांगितला. खरा होता १००१. वैमानिकांनी सांगितला तसा लावला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ २८० फूट. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं, सुई मध्यावर, उंचीचे चेकही जुळले, कारण तपासणारा आणि तपासला जाणारा दोघेही त्याच चुकीच्या आकड्यावर चालत होते. विमान मात्र संपूर्ण मार्गभर २८० फूट खाली होतं. गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेलं, तेव्हा धावपट्टीच्या सुमारे एक मैल आधी रेडिओ अल्टिमीटरने जमिनीपासूनचं किमान अंतर सहा फूट नोंदवलं. प्रवासी सुखरूप राहिले.

उपग्रहांनी यात काही चूक केली नव्हती. आडवी जागा नेमकी होती. उभा मार्ग मुळात उपग्रहाचा नव्हताच. एलपीव्हीत तो उपग्रहावरून येतो, म्हणून चुकीच्या क्यूएनएचने ग्लाइडपाथ हलत नाही. डीए मात्र अल्टिमीटरवरच वाचायची असते, तिथे क्यूएनएच लागतोच. तापमानाचंही तसंच: कडक थंडीत बॅरो-व्हीनॅव्हचा मार्ग प्रत्यक्षात खाली आणि उथळ होतो, म्हणून चार्टवर किमान तापमान दिलेलं असतं. लेह-काश्मीरकडे उडणाऱ्यांनी तो आकडा वाचावाच.

म्हणून बॅरो-व्हीनॅव्हच्या आधी क्यूएनएच दुसऱ्या मार्गाने पडताळा. एटीआयएस (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) ऐका, नाहीतर मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) पाहा. आकडा मागच्या अहवालापेक्षा बराच वेगळा वाटला तर नियंत्रकाला पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही.

जीपीएसची उंची आणि अल्टिमीटरची उंची जुळत का नाही?

दोन्ही वेगळ्या तळापासून मोजतात. जीपीएस पृथ्वीला डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या गणिती लंबगोलाच्या रूपात पाहतं. जागतिक विमान वाहतुकीने १ जानेवारी १९९८ पासून स्वीकारलेला संदर्भ तोच. आपली समुद्रसपाटी या लंबगोलावर बसत नाही. गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे ती कुठे वर, कुठे खाली असते, आणि जगातला सर्वांत खोल खळगा आपल्याच दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे, सुमारे १०६ मीटरचा. मुंबई-पुण्याच्या भागातही फरक साठ मीटरहून अधिक भरतो. त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या विमानात कच्ची लंबगोलाची उंची काढली तर ती उणे आकडा दाखवेल आणि तरी बरोबर असेल. बहुतेक रिसीव्हर आतल्या तक्त्यावरून हा फरक भरून काढतात.

हवेत सगळ्यांनी एकाच मापाने वेगळं राहायचं असतं आणि ते माप दाबाचं. फ्लाइट लेव्हल (दाबावरून ठरणारी उड्डाणाची पातळी) जीपीएसवरून धरू नका.

डेटाबेस जुना असेल तर?

माहिती दर २८ दिवसांनी बदलते, त्याला एआयआरएसी सायकल म्हणतात. जुन्या डेटाबेसवर अप्रोच करता येईल की नाही हे तुमच्या मॅन्युअलमध्ये आणि ऑपरेटरच्या परवानगीत लिहिलेलं असतं. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: अप्रोचचे वेपॉइंट हाताने टाइप करून स्वतःचा अप्रोच बांधणं. तो डेटाबेसमधून नावाने उचलायचा असतो.

जॅमिंग आणि स्पूफिंग: कुठलं जास्त वाईट?

स्पूफिंग. जॅमिंगमध्ये मोठ्या आवाजात सिग्नल बुडतो, रिसीव्हर जागा हरवतो आणि तसं सांगतो. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो, त्यामुळे तो बुडवायला फार ताकद लागत नाही. स्पूफिंगमध्ये खोटा पण पटणारा सिग्नल मिळतो. रिसीव्हर ती जागा मानतो. सगळे उपग्रह एकाच सुरात खोटं बोलत असतील तर रेमची जुळवाजुळवही बिनबोभाट जुळते, कारण एखादा उपग्रह वेगळा पडला तरच तिला शंका येते.

परिणाम नकाशापुरते राहत नाहीत. विमानाचं घड्याळ सरकतं, एडीएस-बी खोटी जागा प्रसारित करतं, जमिनीचा इशारा देणारी ईजीपीडब्ल्यूएस ३५ हजार फुटांवर ‘पुल अप’ ओरडते. काही विमानांत इनर्शियल प्रणालीही (विमानाच्या हालचालींवरून जागा काढणारी) या खोट्या जागेने बिघडल्याचे अनुभव आहेत. सिग्नल परत आल्यावरही प्रत्येक उपकरण सावरतंच असं नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर थांबवली, कारण तिथला अप्रोच जीपीएसवर अवलंबून होता आणि पर्याय नव्हता.

आपल्याकडे हे आता परदेशातल्या बातमीपुरतं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये हस्तक्षेपाच्या ४६५ घटना नोंदल्याचं केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांनाही स्पूफिंगचा अनुभव आला आणि सरकारने ते संसदेत मान्य केलं. अशी घटना दिसली की दहा मिनिटांत कळवावं, अशी डीजीसीएची सूचना आहे.

कॉकपिटमध्ये ओळखायचं कसं? घड्याळाची वेळ अचानक बदलली, ग्राउंडस्पीड आणि वाऱ्याचा आकडा न पटणारा झाला, जीपीएस आणि इनर्शियल किंवा व्हीओआर-डीएमई यांच्या जागांत अंतर वाढू लागलं, की शंका घ्या. हेडिंग धरा, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण) सांगा, रडार वेक्टर (रडार पाहून दिलेली दिशा) मागा, आणि जीपीएसचं अपडेट तोडायचं की नाही हे निर्मात्याच्या प्रक्रियेनुसार ठरवा. ट्रेनर विमान उडवणाऱ्यांनी नकाशा आणि स्टॉपवॉच बॅगेतून काढून टाकू नये. व्हीओआरची फ्रीक्वेन्सी लावून ठेवायला काही खर्च येत नाही.

निघण्यापूर्वी जीपीएससाठी काय तपासायचं?

जीपीएसचे आणि गगनचे नोटाम (वैमानिकांसाठी काढलेल्या सूचना). डेटाबेसची तारीख. एसबीएएस नसेल तर पोहोचण्याच्या वेळेचा रेमचा अंदाज: उपग्रह कुठे असतील हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अमुक वेळी अमुक ठिकाणी रेम मिळेल का हे काढता येतं. मात्र हा अंदाज फक्त भूमितीचा असतो, स्पूफिंग त्याला कळत नाही. आणि पर्यायी विमानतळावर उपग्रहाशिवायचा एखादा अप्रोच आहे का ते पाहा.

टॅबलेटवरचं अ‍ॅप किंवा हातातला जीपीएस नॅव्हिगेशनसाठी चालेल का?

व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर पाहून उडताना, परिसराचं भान राखायला उत्तम, मीही वापरतो. आयएफआरसाठी, म्हणजे उपकरणांवर उडण्यासाठी, नाही. इथे टीएसओ सी-१२९, सी-१४५, सी-१४६ असे दर्जे पाहायचे असतात. सी-१२९ ही जुनी, रेमवर चालणारी पिढी आणि तिच्यासोबत दुसरं साधन लागतं. सी-१४५ आणि सी-१४६ एसबीएएस समजणारी. टॅबलेट यांपैकी कशातच बसत नाही. उन्हात तापून तो बंद पडतो हा आणखी एक मुद्दा, मे महिन्यात विदर्भात उडणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको.

जीपीएसची वेळ यूटीसीपेक्षा पुढे का दाखवतात?

यूटीसीत अधूनमधून लीप सेकंद घालतात, जीपीएस घालत नाही. २०१७ पासून जीपीएस १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर ही वजाबाकी स्वतः करतो. आठवडे मोजण्याचीही एक गंमत आहे: मूळ संदेशात आठवड्यासाठी दहा बिट दिले होते, त्यामुळे १,०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या सॉफ्टवेअरच्या रिसीव्हरवर वीस वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर कारण बहुधा हेच, आणि इलाज सॉफ्टवेअरचं अपडेट.